डिस्कवरची मोकळी जागा फुकट जात नाही

विंडोजच्या संगणकावर ५,००० बाइटची फाइल साठवली, की ती डिस्कवर बहुधा ८,१९२ बाइट अडवते. फाइल सिस्टिम जागा सुट्या बाइटांनी देत नाही, ४,०९६ बाइटच्या ठोकळ्यांनी देते. दुसरा ठोकळा बराचसा रिकामाच राहतो. हा गलथानपणा नव्हे. यामागचा हिशेब फार सुरेख मांडला गेला तो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात.

जुन्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठोकळे आधी ५१२, पुढे १,०२४ बाइटचे होते. जागा कमी वाया जाई, पण फाइली बनता-पुसताना मोकळ्या ठोकळ्यांची यादी विस्कटे आणि एकाच फाइलीचे तुकडे डिस्कभर पांगत. सुरुवातीला सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत जाणारा वेग काही आठवड्यांच्या वापरात ३० वर येई. डिस्कच्या हेडचा सगळा वेळ इकडून तिकडे धावण्यात जाई.

बर्कलीच्या मॅक्युसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी १९८४ च्या निबंधात यावर उपाय मांडला. ठोकळा किमान ४,०९६ बाइटचा केला. पण युनिक्सवर छोट्या फाइलीच फार; त्यांनी मोजले, तर नुसत्या मोठ्या ठोकळ्यांनी ४५.६ टक्के जागा वाया जात होती! म्हणून फाइलीच्या शेपटापुरते ठोकळ्याचे दोन, चार किंवा आठ तुकडे करायची सोय ठेवली. डिस्कचे गट पाडले आणि एका फोल्डरमधल्या फाइली शक्यतो एकाच गटात ठेवल्या. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा आणखी एक निर्णय: दहा टक्के जागा राखीव. डिस्क पूर्ण भरत आली की जवळची जागा सापडत नाही आणि वेग निम्म्यावर येतो.

ठोकळा कुठून सुरू होतो, हेही महत्त्वाचे. डिस्क एका वेळी वाचते-लिहिते त्या सर्वांत लहान तुकड्याला सेक्टर म्हणतात; २०१० च्या सुमारास ४,०९६ बाइटच्या, म्हणजे जुन्या ५१२ बाइटच्या आठपट सेक्टरच्या डिस्क आल्या. विंडोज एक्सपी मात्र पहिले पार्टिशन ५१२ बाइटच्या हिशेबाने ६३ व्या सेक्टरपासून सुरू करी. ६३ ला आठने भाग जात नाही; त्यामुळे प्रत्येक ठोकळा दोन सेक्टरांवर पसरे आणि लिहिण्याआधी डिस्कला ते दोन्ही वाचावे लागत. आता सुरुवात २,०४८ पासून होते.

लिनक्सची ‘ईएक्सटी४’ ही फाइल सिस्टिम आजही मुळात पाच टक्के जागा राखून ठेवते. एसएसडीत हेड नसते, तरी जुना मजकूर पुसून नवा लिहायला तिलाही मोकळी जागा लागतेच. तेव्हा डिस्क काठोकाठ भरू देऊ नका. दहावा हिस्सा तरी मोकळा ठेवा.