लस घेतली, पण ती अंगी लागली का?

कोरोनाच्या लसीकरणात १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वर्षांच्या व्याधिग्रस्तांना लस खुली झाली. त्यासाठी सरकारने वीस व्याधींची यादी दिली होती. मधुमेह, हृदयविकार यांच्याबरोबर तीत मूत्रपिंड किंवा यकृत बदललेले रुग्ण होते, तसेच दीर्घकाळ स्टिरॉइड वा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारेही होते. या रुग्णांना लस आधी हवी, हे खरेच. पण ती त्यांच्या अंगी कितपत लागते, हा प्रश्न कोरोनापुरता नव्हता आणि तो आजही कायम आहे.

लस म्हणजे तालमीतला सराव. सातारा-सांगलीच्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. मेलेला जंतू, त्याचा तुकडा किंवा त्याचे दुबळे केलेले रूप शरीरापुढे उभे करायचे. पांढऱ्या पेशी त्याचे डाव ओळखतात, प्रतिपिंडे तयार करतात. खरा जंतू आखाड्यात उतरला की हा सराव कामी येतो.

संधिवात, ल्युपस, सोरायसिस अशा आजारांत मात्र या पेशी आपल्याच शरीरावर उलटतात. बदललेल्या मूत्रपिंडाला त्या परके समजतात. म्हणून औषधांनी त्यांना आवरावे लागते. आता आवरून धरलेला पैलवान सराव तरी किती करणार?

अर्थात सगळी औषधे सारखी नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने फारसा फरक पडत नाही. मेथोट्रेक्सेटने प्रतिसाद काहीसा घटतो, मायकोफेनोलेटने बराच. रिटुक्सिमॅब तर प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची मूळ फळीच काही महिने नाहीशी करते. अमेरिकेत २०२१ साली अवयव बदललेल्या ६५८ रुग्णांची तपासणी झाली. कोरोना लसीच्या दोन मात्रांनंतर त्यांतल्या ५४ टक्क्यांतच प्रतिपिंडे सापडली.

यावर उपाय आहे तो मुख्यतः वेळ साधण्याचा. शक्य असेल तर औषध सुरू होण्याआधीच लसी उरकाव्यात. रिटुक्सिमॅबचा पुढचा डोस जवळ आला की त्याच्या काही आठवडे आधी लस घ्यावी. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कोरोनाच्या वर्धक मात्रेनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवले, तेव्हा प्रतिपिंडे सुमारे दुप्पट मिळाली. पण काहींचा सांधेदुखीचा त्रास त्या काळात उसळला. म्हणून हा निर्णय डॉक्टरांचाच. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने तर मनाने एकही गोळी चुकवू नये. मूत्रपिंड गमावण्याची वेळ येईल. डायलिसिसच्या रुग्णांना कावीळ 'ब'च्या लसीची मात्राच दुप्पट देतात आणि नंतर रक्त तपासून ती लागली का, हेही पाहतात.

लसींतही दोन जाती आहेत. गोवर-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लसींत जिवंत, पण दुबळा जंतू असतो. प्रतिकारशक्ती फार दबलेली असेल, तर तोही जोर धरू शकतो. म्हणून अशा लसी सहसा टाळतात. फ्लूचे इंजेक्शन, न्यूमोनिया, धनुर्वात, रेबीज यांच्या लसी निर्जीव आहेत. त्यांनी तो धोका नाही, फक्त फळ कमी मिळू शकते. कमी फळ म्हणून लसच न घेणे हा शहाणपणा नव्हे. घरच्या माणसांनीही आपापल्या लसी पूर्ण केल्या, तर रुग्णाभोवती कुंपण उभे राहते.

सर्वांत मोठी जोखीम कुत्रा चावल्यावर. नुसता ओरखडा उठला, रक्त आले नाही, तर एरवी जखम धुऊन लसीचा पूर्ण कोर्स पुरतो. पण प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाला अशा जखमेतही लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शन द्यावे, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण त्याचे शरीर स्वतःची प्रतिपिंडे वेळेत बनवील, याचा भरवसा नसतो.

इथेच घोटाळा होतो. औषध लिहून दिलेले असते मिरजेच्या नाहीतर पुण्याच्या डॉक्टरांनी आणि कुत्रा चावतो माण-खटावात किंवा जतच्या वस्तीवर. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना त्या औषधाची माहिती कुठून असणार? आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी रुग्णाच्या लेखी 'सांधेदुखीची गोळी' असते. ती सांगायची राहून जाते.

तेव्हा एक करावे. आपल्या औषधांची नावे, मात्रा, ती कधी सुरू झाली आणि कोणती लस कधी घेतली, एवढे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावे. लस टोचण्याआधी किंवा कुत्रा चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन दवाखान्यात पोचलात, की तो कागद आधी डॉक्टरांच्या हाती द्यावा.