रंगाऱ्याच्या मोरीतलं पाणी

हैदराबादची 'मलखा' ही सुती कापडाची चळवळ उझरम्मा यांनी उभी केली. मलमल आणि खादी जोडून हे नाव झालं. त्याच्याही आधी, त्यांच्याच 'दस्तकार आंध्र' संस्थेने चिन्नूरच्या विणकरांसोबत वनस्पतींच्या रंगांवर काम केलं होतं. आपल्या सिरोंच्याहून प्राणहिता ओलांडली की हे चिन्नूर फार लांब नाही. मंजिष्ठ, हिरडा, डाळिंबाची साल ही या रंगाईतली नावं तर आजीच्या बटव्यातलीच.

असं कापड सुंदर असतंच. पण मी आधी रंगाऱ्याच्या मोरीकडे बघते.

सूत वनस्पतीचा रंग सहजी धरत नाही. म्हणून ते आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, मग तुरटी देतात. त्यावर मंजिष्ठेचा लाल पक्का बसतो. तुरटीऐवजी हिराकस वापरला तर तोच हिरडा काळपट राखाडी होतो. इथवर ठीक. पण रंग धरायला मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार घातले, तर रंग झाडाचा आणि सांडपाणी विषारी. 'नैसर्गिक' एवढी चिठ्ठी मला म्हणूनच पुरेशी वाटत नाही. कृत्रिम रंगांचा धोका तर उघडच आहे: कर्करोगकारक अमाइन सुटू शकणाऱ्या काही ॲझो रंगांवर भारताने 1997 मध्ये बंदी घातली.

निळीची नांद मला सगळ्यांत आवडते. नीळ पाण्यात विरघळत नाही. टाकळ्याच्या शिजवलेल्या बिया आणि चुना घालून नांद आंबवली की जिवाणू निळीचं रूप पालटतात आणि ती विरघळते. बुडवलेलं कापड हिरवट बाहेर येतं आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. ही नांद ओतून द्यायची नसते. तिला अधूनमधून खाऊ घालत राहिलं तर ती महिनोन्‌महिने चालते.

तुरटीचं पाणीही तसंच. थोडी तुरटी वाढवून ते पुढच्या कापडाला चालतं. कुंडीत मात्र ते ओतू नये, आम्ल आणि ॲल्युमिनियम मुळांना सोसत नाहीत. उकळलेल्या साली आणि फुलांचा चोथा खतात जातो. टाकाऊ फुलं रंगालाही चालतात: मुंबईत 'अदिव प्युअर नेचर' हा उद्योग सिद्धिविनायकाला वाहिलेल्या फुलांपासून कापड रंगवतो.

मंजिष्ठेच्या पाण्यात पहिलं कापड लाल होतं, दुसरं फिकं, तिसरं गुलाबी. त्यानंतरही पाण्यात रंग उरतोच. त्यात तुरटी विरघळवून धुण्याचा सोडा हळूहळू घातला की फेस उसळतो आणि रंग तळाशी बसतो. तो गाळून, धुऊन, वाळवून खलायचा. डिंकाच्या पाण्यात कालवला की चित्रासाठी जलरंग तयार.