ब्राउझरांची सुरक्षितता : पेढीवर कोणता ठेवावा?

आमच्या पेठेतील बहुतेक पेढ्यांवर सांप्रत रोजमेळाच्या शेजारी संगणक आला आहे. जीएसटीचे विवरणपत्र भरणे, मालाचे ई-वे बिल काढणे, परगावच्या आडत्यास बँकेतून रक्कम पाठविणे ही सर्व कामे ज्या एका खिडकीतून होतात, तिला ब्राउझर म्हणतात. क्रोम, एज, फायरफॉक्स व सफारी ही त्यांतील चार मोठी नावे होत. यांपैकी सुरक्षित कोणता, अशी विचारणा सभासद बंधूंकडून वारंवार होते. प्रश्न सरळ आहे, उत्तर तितके सरळ नाही. तथापि ते देता येण्याजोगे आहे, आणि गल्ल्यातील रकमेशी त्याचा थेट संबंध असल्याने येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

एखादे संकेतस्थळ उघडले म्हणजे दूरच्या यंत्राकडून केवळ अक्षरे व चित्रे येतात, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्यांबरोबर आज्ञावलीही येते, आणि ती आपल्या संगणकावर चालते. दिवसाकाठी शेकडो अनोळखी माणसे वखारीत येऊन काम करून जावीत, तशातलाच हा प्रकार. त्यांना काम करू द्यावयाचे, पण तिजोरीच्या खोलीत शिरू द्यावयाचे नाही, हेच ब्राउझरचे खरे कसब. २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत हा बंदोबस्त फारच कच्चा होता. एका पानातून आलेली दुष्ट आज्ञा साऱ्या संगणकावर हात फिरवू शके. त्या ब्राउझरचा कारभार मायक्रोसॉफ्टने अखेर १५ जून २०२२ रोजी गुंडाळला.

२००८ च्या सप्टेंबरात गूगलने क्रोम आणला. त्यात पानांचे काम वेगवेगळ्या बंदिस्त कोठड्यांत चालविण्याची योजना होती. तीस ‘सँडबॉक्स’ म्हणतात. एका कोठडीत चोर शिरला तरी तो तेथेच अडकून पडावा, हा हेतू. २०१८ च्या जानेवारीत ‘स्पेक्टर’ नावाचा, संगणकाच्या मूळ प्रक्रियकातील दोष जाहीर झाला, तेव्हा क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळास स्वतंत्र कोठडी दिली. फायरफॉक्सला हीच व्यवस्था करण्यास २०२१ साल उजाडले. या बाबतीत क्रोम पुढे होता हे मान्य केले पाहिजे. मात्र फायरफॉक्सच्या मोझिला संस्थेने ‘रस्ट’ नावाची नवी आज्ञाभाषा वाढविली. स्मृतिस्थाने वापरताना होणाऱ्या ज्या चुकांतून चोरांस वाट मिळते, त्यांतील बहुतेक या भाषेत मुळातच अडविल्या जातात. २०१७ च्या नोव्हेंबरपासून फायरफॉक्सचा एक मोठा भाग या भाषेत लिहिलेला आहे. पुढे गूगलनेही हीच भाषा स्वीकारली, यातच तिची योग्यता दिसते.

एजचे काय? मायक्रोसॉफ्टने २०२० च्या जानेवारीपासून आपल्या एजमध्ये क्रोमियम, म्हणजे ज्यावर क्रोम उभा आहे तेच यंत्र बसविले. ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी यांचेही तेच. एकाच गिरणीचे पीठ, पिशव्यांवरील छाप निराळे! त्यामुळे क्रोमच्या यंत्रात छिद्र सापडले की ते या सर्वांतच असते, व त्यांची दुरुस्ती क्रोमच्या मागोमाग, कधी चार-दोन दिवसांनी येते. आयफोनवर आणखी निराळा प्रकार आहे. तेथे आपल्या देशात क्रोम घेतला काय किंवा फायरफॉक्स घेतला काय, आत यंत्र सफारीचेच, वेबकिट या नावाचे असते. युरोपीय संघापुरती या नियमात २०२४ साली सवलत देण्यात आली.

मग भक्कम कोणता? ‘पोन-टू-ओन’ या नावाची एक स्पर्धा २००७ पासून भरते. तीत तज्ज्ञांनी ब्राउझर फोडून दाखवावयाचा आणि बक्षीस न्यावयाचे. फोडण्याची रीत मात्र कंपनीस सांगावयाची. २०१६ साली आयोजकांनी फायरफॉक्सला स्पर्धेतून वगळले होते, कारण त्याच्या सुरक्षिततेत त्यांस पुरेशी सुधारणा दिसली नव्हती. परंतु २०२४ च्या मार्चमध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे मॅनफ्रेड पॉल या एकाच गृहस्थाने क्रोम, एज, सफारी व फायरफॉक्स हे चारही फोडले, आणि २ लाख २ हजार ५०० डॉलर मिळविले. न फुटणारा ब्राउझर कोणाच्याही दुकानात नाही, असाच याचा अर्थ. मोझिलाने आपले छिद्र एक-दोन दिवसांतच बुजविले, ही गोष्ट आम्हांस निकालापेक्षाही अधिक बोलकी वाटते.

कारण आमच्या मते खरी तुलना येथेच करावयाची असते : छिद्र बुजविणारी दुरुस्ती आपल्या यंत्रापर्यंत किती लवकर पोहोचते? क्रोम २०२३ च्या ऑगस्टपासून दर आठवड्यास सुरक्षिततेची दुरुस्ती पाठवितो. क्रोमियमची आज्ञावली सर्वांस वाचण्यास खुली आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की ती वाचून मूळ छिद्र कोठे होते हे चोरांसही कळते, आणि ज्यांनी दुरुस्ती घेतली नाही त्यांच्यावर ते चालून जातात. म्हणून हा मधला काळ आखूड करणे गूगलला भाग पडले. सफारीची दुरुस्ती बहुधा आयफोनच्या संपूर्ण प्रणालीबरोबर येते. तेव्हा ‘नंतर करू’ म्हणून ती पुढे ढकलणारा मनुष्य आपली खिडकी उघडीच ठेवतो.

येथे पेढ्यांवरील एक सर्वसामान्य रीत सांगितली पाहिजे. संगणक रात्रंदिवस चालू, ब्राउझर पंधरा-पंधरा दिवस उघडा, आणि त्यात तीस-चाळीस पाने एकावर एक. उतरून आलेली दुरुस्ती ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याखेरीज लागूच होत नाही, हे दिवाणजीस कोणी सांगितलेले नसते. असा क्रोम हा रोज बंद होणाऱ्या फायरफॉक्सपेक्षा धोक्याचा.

कुलपाच्या चिन्हाविषयीही गैरसमज फार आहे. ते चिन्ह एवढेच सांगते की, मधल्या वाटेत कोणी पत्र उघडून वाचू शकत नाही. पोत्याची शिलाई शाबूत आहे, इतकेच. आत माल कसला, हे वानगी काढल्याशिवाय कसे कळावे? लबाडांची संकेतस्थळेही हे कुलूप सहज लावतात. म्हणूनच क्रोमने २०२३ च्या सप्टेंबरात ते चिन्ह काढून टाकले. नकली संकेतस्थळांची यादी पाहून ब्राउझर धोक्याची सूचना देतात. क्रोम, फायरफॉक्स व सफारी गूगलची यादी वापरतात, एज मायक्रोसॉफ्टची. परंतु सकाळी उघडलेले नकली दुकान यादीत येईपर्यंत दुपार होऊ शकते. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या संकेतस्थळांच्या नावाअखेरीस ‘डॉट बँक डॉट इन’ असावे असा आदेश दिला असून त्याकरिता ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरविली होती. ते शेपूट वाचण्याची सवय कोणत्याही ब्राउझरपेक्षा उपयोगाची आहे.

सुरक्षितता निराळी आणि खाजगीपणा निराळा, हेही लक्षात घ्यावे. आपण कोठे काय पाहिले याची टिपणे जाहिरातदारांना मिळू नयेत, या बाबतीत सफारी २०२० पासून व फायरफॉक्स २०२२ पासून आपणहून बंदोबस्त करतात. गूगलचा धंदाच जाहिरातीचा, तेव्हा क्रोम येथे हात आखडता घेतो. चोरापासून तो उत्तम राखण करतो, मालकापासून नाही, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

जोडपुस्ती, म्हणजे ब्राउझरला वरून लावावयाची लहान साधने, हा सर्वांत दुर्लक्षित दरवाजा. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाची अशीच एक लोकप्रिय जोडपुस्ती मूळ कर्त्याने २०२० साली दुसऱ्यास विकली. पेढीचे नाव तेच, गादीवर मनुष्य नवा. २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ती घातक ठरवून काढून टाकली. तोवर ती असंख्य संगणकांवर निमूट बसलेली होती.

आमची शिफारस अशी : पेढीवर दोन ब्राउझर ठेवावेत. एक, क्रोम किंवा एज, केवळ बँक व सरकारी कामासाठी. त्यात एकही जोडपुस्ती नको व परवलीचे शब्दही साठविलेले नकोत, कारण त्याच खुर्चीवर दिवाणजीही बसतात आणि घरची मुलेही. दुसरा, फायरफॉक्स, बाजारभाव व वर्तमानपत्रे पाहण्यासाठी. दोन्ही दुकान बंद करताना बंद करावेत. ज्यांच्याकडे अद्याप विंडोज ७ वर चालणारा जुना संगणक आहे, त्यांना क्रोमची नवी आवृत्ती २०२३ पासून मिळतच नाही; विंडोज १० ची नेहमीची दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अशा संगणकावर खतावणी खुशाल लिहावी, बँकेचे पान मात्र उघडू नये.