अमझेऱ्याच्या मुलखातील रंगारी

माळव्याचे पठार जेथे नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागते, त्या बाजूस, धार शहराच्या पश्चिमेला, अमझेरा हे जुने गाव वसलेले आहे. धार व देवास ही पवारांची संस्थाने. त्यामुळे या मुलखाची नावे मराठी घरांना परकी नाहीत. अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. १८५८ साली त्यांना इंदुरास फाशी देण्यात आले आणि त्यांचा मुलूख ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेला. पुढे ग्वाल्हेर राज्यात अमझेरा हा जिल्हाच झाला, आणि बाघ हे खेडे त्या जिल्ह्यात मोडत असे.

बाघची लेणी व अजिंठ्याशी नाते सांगणारी त्यांतील चित्रे पुष्कळांना ऐकून माहीत असतील. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते त्या गावच्या रंगाऱ्यांविषयी. त्याला कारण आहे. 'उद्योजक' हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे उंच धुराडे आणि मोटारीतून उतरणारे शेठजी उभे राहतात, आणि आपण मनाशी म्हणतो, हे काही आपले काम नव्हे. शेतात राबणाऱ्याने वा आठवड्याच्या बाजारावर पोट भरणाऱ्याने त्या वाटेस जाऊच नये, असा आपला समज झालेला असतो. बाघची हकिगत वेगळे काही सांगते.

बाघचे छपाईकाम करणारे कारागीर खत्री समाजाचे, धर्माने मुसलमान. आपले पूर्वज सिंधमधील लारकान्याहून निघाले व फिरत फिरत या बाजूस आले, असे ते सांगतात. भिल्ल व भिलाला स्त्रियांचे घागरे व ओढण्या छापून देणे हा त्यांचा धंदा. कोणत्या जमातीला कोणता बुट्टा, हे ठरलेले असे. गिऱ्हाईक जवळचे, माल ओळखीचा, आणि बापाने केले तेच मुलाने करावयाचे.

१९६० नंतरच्या काळात या घडीला धक्का बसला. कृत्रिम धाग्याचे भडक रंगांचे स्वस्त कापड खेडोपाडी पोचले आणि रोजचे गिऱ्हाईक तिकडे वळले. कित्येक कारागिरांनी ठसे बाजूस ठेवून दुसरा रोजगार धरला. त्यांना दोष कोण देईल? घरात खाणारी तोंडे असतात. परंतु जे थोडे लोक टिकून राहिले, त्यांत इस्माईल सुलेमानजी खत्री यांचे नाव प्रथम घेतले जाते. जुने रंग व जुने ठसे त्यांनी टाकले नाहीत. छापावयाचे कापड मात्र बदलले. घागऱ्यावरचा बुट्टा चादरीवर आला, साडीवर आला, आणि बाघचे नावही न ऐकलेल्या शहरांतील माणसे तो माल घेऊ लागली. पुढे त्यांच्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ज्या दिवशी पहिली चादर छापली, त्या दिवशी ती कोण घेईल हे सांगणारा कोणी नव्हता. आमच्या मते उद्यम तो हाच. पैसा पुष्कळ असणे ही त्याची खूण नव्हे. दुसऱ्याला उद्या काय लागेल याचा अंदाज बांधणे आणि तो चुकल्यास नुकसान आपल्या शिरावर घेणे, ही ती खूण.

आता या एका कापडामागे किती हात लागतात, ते पाहण्यासारखे आहे. कोरे कापड प्रथम धुतात. मग एरंडेल, खारी माती व बकऱ्यांच्या लेंड्या यांच्या पाण्यात ते भिजवून पायांनी तुडवतात, वाळवतात. त्यानंतर हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. छापताना तांबड्यासाठी तुरटी व काळ्यासाठी गंजलेले लोखंड गुळाबरोबर मुरवून काढलेले पाणी वापरतात, आणि दोन्हींना चिंचोक्याची खळ लावून दाट करतात. लाकडी ठशांनी छापलेले कापड काही दिवस तसेच ठेवून मग बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुवावे लागते. शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन व धावडीची फुले घालून ते उकळले की तुरटीच्या जागी तांबडा रंग उमलतो. या नदीच्या पाण्याच्या गुणाने रंगास तेज येते, असे रंगारी मानतात. म्हणजे धुणारा वेगळा, छापणारा वेगळा, भट्टीशी उभा राहणारा वेगळा. शिवाय ठसे कोरणारा आहे, रानातून फुले व हिरडे आणणारा आहे. एका घराने धीर धरला आणि एवढ्या चुलींना आधार मिळाला. २००८ साली बाघच्या छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे दुसरीकडे छापलेले कापड बाघचे म्हणून विकण्यास कायद्याने अटकाव झाला.

रंगाऱ्याच्या धंद्याला आपल्या धर्मग्रंथातही स्थान आहे. फिलिप्पै येथे संत पौलाचे बोल ज्या लुदियेने मनावर घेतले, ती जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई होती. सहकुटुंब बाप्तिस्मा घेतल्यावर तिने प्रेषितांना आग्रहाने आपल्या घरी ठेवून घेतले. ते तुरुंगातून सुटल्यावर बंधुजनांची भेट तिच्याच घरी झाली. धंदा सोड, असे तिला कोणी सांगितल्याचा उल्लेख नाही! पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या परिपत्रकात नफ्याला योग्य स्थान दिले. पण धंदा म्हणजे मुळात माणसांचा समुदाय आहे, असेही बजावले.

धाडसाला भांडवल लागते, हे मात्र विसरून चालणार नाही. सावकाराचे व्याज भरणाऱ्याला नवी चादर छापून पाहण्याची चैन कोठली? वसईत मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली सहकारी पतपेढीचे काम आरंभिले आणि त्यातून आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक वाढली. त्याही कामात धोका होता, त्याही कामात शेजाऱ्याची गरज आधी ओळखलेली होती. म्हणून त्या धर्मगुरूंना उद्योजक म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

बाघकडे परत येऊ. तेथील सारेच गोड आहे, असे नाही. धुण्याला वाहते पाणी लागते. नदी रोडावली की काम अडते. हातछपाईचे कापड महाग पडते, ते शहरांतील दुकानांत जाते. ज्या भिल्ल स्त्रियांच्या घागऱ्यांसाठी ते बुट्टे प्रथम कोरले गेले, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या अंगावर आज गिरणीचेच कापड दिसते. त्यांना परवडेल असा एखादा ठसा, एखादे साधे लुगडे बाघच्या भट्टीतून पुन्हा निघावे, हे काम अजून कोणीतरी अंगावर घ्यावयाचे आहे.