नवा टेप बसवला, पण चालूच होत नाही? गाडी असो की होडी, आधी हे तपासा



1 जून ते 31 जुलै ही बंदी म्हणजे आपल्याकडे डागडुजीचे दिवस. होडीला रंग, जाळ्यांची शिवण, इंजिनाचं काम. त्याच सपाट्यात म्हावऱ्याच्या पिकअपला नवा टेपही बसतो. मग एकच तक्रार कानावर येते: "टेप बसवला, बटण दाबलं, पण साधा दिवासुद्धा लागत नाही."

एक गोष्ट आधीच सांगतो. अशा वेळी दहातल्या बऱ्याच जणांचा टेप चांगलाच असतो. त्याच्यापर्यंत करंट पोचत नसतो, नाहीतर करंट परत जायचा रस्ता तुटलेला असतो. म्हणून दुकानात भांडायला जायच्या आधी अर्धा तास द्या आणि खाली दिलंय त्या क्रमाने बघा.

गाण्यांपुरता विषय नाही

मुंबईहून आग्रा रोडने इंदूरकडे निघालेली गाडी धुळे, शिरपूर, सेंधवा करत खलघाटला नर्मदा ओलांडते आणि मग मानपूरचा घाट चढते. तिथवर येईतो ड्रायव्हरची रात्र गाडीतच गेलेली असते. डोळा लागू नये म्हणून गाणी हवीतच. समजा, मानपूरच्या आसपास टेप बंद पडला. गाडी कडेला घेतली, बघितलं तर फ्यूज उडालेला. जवळ दुसरा फ्यूज नाही, म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तोच परत बसवला. टेप चालू झाला, ड्रायव्हर खूश.

इथेच धोका आहे. फ्यूज हा वायरीचा राखणदार असतो. त्याच्या जागी चांदी किंवा तांब्याची तार घातली, की जास्त करंट वाहिल्यावर फ्यूजऐवजी वायरच तापते. ती वायर डॅशबोर्डच्या मागे, प्लास्टिक आणि रेक्झिनच्या कुशीत असते. आग तिथूनच लागते.

दुसरा प्रकार बॅटरीचा. जोडणी चुकली तर चावी काढल्यावरही टेप आतून करंट खात राहतो. पहाटे गाडीला स्टार्टर मारायला गेलात तर नुसता "टक्" आवाज. मागे बर्फ वितळतोय, बाजारची वेळ निघून चाललीय. त्यामुळे दीडशे रुपयांच्या जोडणीत केलेली हयगय शेवटी सगळ्या मालावर येते.

तीन वायरी ओळखा

टेपच्या मागून वायरींचा झुबका येतो, पण टेप चालू व्हायला त्यातल्या तीनच लागतात. बहुतेक कंपन्या हेच रंग वापरतात. तरीही टेपवरच्या स्टिकरवर एकदा नजर टाका.

पिवळी: हिला कायम 12 व्होल्ट लागतात, चावी असो वा नसो. टेपचं घड्याळ आणि लावलेली स्टेशनं हिच्यावर जगतात. मुख्य करंटही हीच वाहते.

लाल: हिला चावी फिरवल्यावरच 12 व्होल्ट मिळायला हवेत. "आता उठ" असं टेपला ही सांगते.

काळी: ही अर्थ. करंट परत बॅटरीच्या मायनसला जायचा रस्ता.

बाकीच्यांत पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या स्पीकरच्या. प्रत्येकीची जोडीदार त्याच रंगाची, पण काळ्या पट्ट्याची. इथे बरेच जण फसतात. काळा पट्टा दिसला की अर्थ समजून बॉडीला जोडतात. ती अर्थ नाही! स्पीकरची वायर बॉडीला टेकली की बरेच टेप स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. निळी आणि निळी-पांढरी या अँटेना आणि अँप्लिफायरसाठी बाहेर करंट देणाऱ्या वायरी आहेत. त्यांच्यात बॅटरीचा करंट घालू नका.

काय लागेल

साधा मल्टीमीटर, 12 व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब होल्डर आणि दोन वायरींसकट, पानं, सॅंडपेपर आणि योग्य आकड्याचे दोन-तीन जादा फ्यूज. जोडणीला हात घालण्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा. मोजमापाच्या वेळी ते परत लावावं लागेल. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या रंगाच्या कपलरना मीटर किंवा बल्ब लावू नका, ती एअरबॅगची लाइन असते.

आता क्रमाने चला

1. बॅटरी. मीटर डीसी 20 वर ठेवून बॅटरी मोजा. इंजिन बंद, गाडी थोडा वेळ उभी, आणि 12.6 च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 यायला हवेत.

2. फ्यूज. निदान दोन जागा बघायच्या: गाडीचा फ्यूज बॉक्स आणि टेपच्या पाठीवरचा फ्यूज. पाठीवरच्याची आठवण फार जणांना नसते. नुसतं डोळ्यांनी बघू नका, काढून मीटरच्या बीपवर तपासा. नवा घालताना जुन्यावर जो आकडा आहे तोच घाला. 10 च्या जागी 20 घालणं म्हणजे चांदी गुंडाळण्याचाच भाऊ. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, नाहीतर प्लस-मायनस उलटे झालेत. तिसरा फ्यूज घालण्याआधी कारण शोधा.

3. पिवळी. टेपचा कपलर काढा. मीटरची काळी पिन थेट बॅटरीच्या मायनसला, लाल पिन गाडीकडून येणाऱ्या पिवळीला. चावी बंद असताना बॅटरीएवढे व्होल्ट दिसले पाहिजेत.

4. लाल. मीटर तसाच ठेवून लाल वायर बघा. चावी बंद असताना शून्य, चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की 12. चावी फिरवूनही काही आलं नाही तर टेप कधीच उठणार नाही. काही नव्या गाड्यांत टेपच्या कपलरला ही चावीची वायर नसतेच, गाडीचा कंप्युटर वेगळ्या लाइनवरून सांगतो. अशा गाडीला त्या मॉडेलचा डीकोडर लागतो, नाहीतर फ्यूज बॉक्समधल्या चावीवर चालणाऱ्या फ्यूजवरून लाइन घ्यावी लागते.

5. काळी. आता मीटरची लाल पिन पिवळीवर आणि काळी पिन टेपच्या काळ्या अर्थवर लावा. बॅटरीच्या मायनसवरून 12 दिसत होते आणि इथे दिसत नाहीत, तर अर्थ खराब. रंगावर किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर स्क्रू मारून अर्थ होत नाही. खालचा पत्रा चकचकीत घासा, रिंग टर्मिनल घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

मीटर 12 दाखवतो, तरी टेप मुका?

आपल्या किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे नेहमीचं. खारं पाणी आणि खारी हवा वायरीच्या आत शिरते, तांब्यावर हिरवट चुरा धरतो, दहा तारांपैकी एकच शाबूत राहते. मीटरला जेमतेम करंट लागतो, म्हणून त्या एका तारेवरूनही तो तोऱ्यात 12 दाखवतो. पण टेपने खरा करंट मागितला की व्होल्ट कोसळतात. दुखऱ्या पायावर नुसतं उभं राहता येतं, पण खांद्यावर बर्फाची पेटी घेतली की पाय मोडतो, तसं हे.

म्हणून बल्ब. 21 वॅटचा इंडिकेटर बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. एक वायर पिवळीला, एक काळ्या अर्थला लावा. बल्ब लख्ख पेटला तर लाइन खरोखर चांगली. मिणमिणला तर वायर किंवा जॉइंट कुठेतरी सडलाय. आता बल्बची अर्थ बाजू थेट बॅटरीच्या मायनसला नेऊन बघा. उजेड वाढला तर दोष अर्थमध्ये, तसाच राहिला तर पिवळीत. चावीची लाल लाइन मात्र बारीक असू शकते, तिथे मोठा बल्ब लावू नका, मीटर पुरे.

टेप खरंच गेलाय का?

सगळ्या लाइनी बरोबर असतील तर टेप बाहेर काढा. स्पीकर, अँटेना, सगळं सोडवा. पिवळी आणि लाल एकत्र करून 10 चा फ्यूज मध्ये घालून बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. चालू झाला तर टेप ठणठणीत आहे, दोष गाडीच्या वायरिंगमध्ये किंवा स्पीकरच्या लाइनीत. मग स्पीकरची एकेक जोडी जोडत जा, ज्या जोडीला टेप बंद पडेल तिथे शॉर्ट. चालू झालाच नाही तर रिसेटचं छोटं भोक टाचणीने दाबा, निघणारं पॅनेल असेल तर त्याचे पितळी कॉन्टॅक्ट पुसा. तरीही मुकाच असेल, तर आता बिल घेऊन दुकानात जा. तुम्ही काय काय तपासलं ते सांगितलंत की दुकानदारालाही टाळाटाळ करता येणार नाही.

पिवळी आणि लाल अशी एकत्र जोडणी फक्त तपासणीपुरती. काही वायरमन वेळ वाचवायला गाडीतही तीच ठेवतात, आणि बॅटरी उतरण्याचं ते मोठं कारण आहे. आणि चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जात असतील, तर पिवळी-लाल उलट लागल्यात, अदलाबदल करा.

24 व्होल्टवाले सावध

मोठ्या ट्रकला आणि बऱ्याच बोटींच्या इंजिनांना दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. 12 चा टेप त्यावर लावला तर तो तिथेच जळेल. दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 घेण्याची युक्तीही नको. एक बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवा.

होडीवर काय वेगळं

लाकडी किंवा फायबरच्या होडीत बॉडी म्हणून अर्थ नसतो. काळी वायर सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत न्यावी लागते. लोखंडी बोटीतही सांगाड्याला अर्थ देऊ नका, पाण्यात धातू खायला सुरुवात होते. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात असावा, म्हणजे मधली वायर घासून शॉर्ट झाली तरी आग लागणार नाही. वायर कलई केलेली मिळाली तर तीच घ्या. जॉइंट नुसते पिळून चिकटपट्टी लावू नका. नीट क्रिंप करा आणि वर गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवा. आणि स्पीकर होकायंत्रापासून लांब ठेवा. स्पीकरच्या चुंबकाने सुई सरकते आणि धुक्यात ते कळतही नाही.

शेवटचं, पण सर्वात महत्त्वाचं

टेप नाही चालला तर गाणी नाहीत, एवढंच. पण होडीवरचा व्हीएचएफ सेट, जीपीएस आणि फिशफाइंडर यांचंही करंटचं गणित हेच असतं. व्हीएचएफची गंमत नीट समजून घ्या. ऐकताना तो थोडाच करंट घेतो, पण 25 वॅटवर बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो. म्हणजे सडलेल्या जॉइंटवरही आवाज छान येत राहतो, सगळ्यांना वाटतं सेट चांगला आहे. आणि नेमकी गरज पडल्यावर चॅनल 16 वर बोलायचं बटण दाबलं की सेट बंद पडतो.

म्हणून यंदा बंदी उठायच्या आत, वरची बल्बची चाचणी व्हीएचएफच्या लाइनीवरही करा. नंतर बंदरातच दुसऱ्या होडीशी साध्या चॅनलवर पूर्ण ताकदीत बोलून बघा. बोलताना डिस्प्ले मंद झाला तर जॉइंट बदला. चाचणीसाठी 16 नंबर अडवू नका, तो संकटासाठी आहे. फोनची रेंज असेल तिथे तटरक्षक दलाचा 1554 नंबरही प्रत्येक खलाशाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

एक मीटर, एक बल्ब आणि योग्य आकड्याचे चार फ्यूज गाडीतही ठेवा, होडीतही ठेवा. पोस्ट आपल्या ड्रायव्हरला आणि तांडेलाला पाठवा. कुठल्या पायरीवर अडलात ते खाली लिहा. सोबत गाडीचं मॉडेल आणि मीटरचा आकडा द्या, म्हणजे जाणकार मंडळींना सांगायला सोपं जाईल.