रिंग जोडण्याआधी

ऑफिसांतून काढलेले सिस्कोचे कॅटॅलिस्ट ३७५० स्विच बऱ्याचदा कॉलेजच्या लॅबमध्ये जातात. पोरं त्यांच्यावर नेटवर्किंग शिकतात. ते पाठवण्याआधी त्यांचे स्टॅक पोर्ट आणि केबल तपासायचं काम माझ्याकडे असतं, आणि ते मी घाईत उरकत नाही.

हे स्विच मागच्या बाजूने खास केबलने जोडले की सगळे मिळून एकाच स्विचसारखे वागतात; यालाच स्टॅक म्हणतात. असे जास्तीत जास्त ९ जोडता येतात. प्रत्येकाला दोन स्टॅक पोर्ट. शेवटच्याची केबल परत पहिल्यात आली की रिंग पूर्ण होते. तिची क्षमता सेकंदाला ३२ गिगाबिट. एक केबल गेली तर ती निम्म्यावर येते, पण स्टॅक चालूच राहतो. धोका नेमका इथेच आहे. नेट चालतंय म्हणून मागे कोणी बघत नाही, आणि दुसरी केबल सुटली की स्टॅकचे दोन तुकडे होतात. दोन्ही तुकडे एकच आयपी पत्ता सांगू लागतात.

म्हणून सगळं जोडून ‘चाललं’ म्हणणं ही तपासणी नव्हे. स्विच एकटाच घ्यायचा आणि अर्ध्या मीटरची केबल त्याच्याच पहिल्या पोर्टमधून दुसऱ्यात लावायची. कनेक्टर रुंद असतो, सरळ दाबूनच बसवावा लागतो. दोन्ही स्क्रू बोटांनी आलटून पालटून आवळायचे. एकच आधी घट्ट केला तर दुसरी कड किंचित उचललेली राहते. मग कन्सोलवर ‘शो स्विच स्टॅक-पोर्ट्स समरी’. दोन्ही ओळींत ओके, शेजारी म्हणून स्वतःचाच क्रमांक, लांबी ५० सेंटिमीटर, लिंक आणि सिंकच्या रकान्यांत यस.

केबल तपासायची तर स्विच खात्रीचा हवा, पोर्ट तपासायचा तर केबल. दोन्ही संशयाचे असतील तर निकाल कशाचाच नाही. ‘अ‍ॅब्सेंट’ म्हणजे पोर्टला केबलच दिसत नाही. ‘डाउन’ म्हणजे केबल दिसते, पण पलीकडून शेजारी लागत नाही. दोन्ही वेळी आधी केबल काढून पुन्हा नीट बसवायची, दोष नंतर द्यायचा.

माझी नजर मात्र लिंक किती वेळा बदलली त्या आकड्यावर असते. केबल हलकेच हलवते, कमांड पुन्हा देते. स्थिती ओके असूनही आकडा भराभर वाढत असेल तर ती केबल बाद, लाल टेप लावून बाजूला. ‘लॅबलाच तर द्यायचीय’ असं कोणी म्हणालं तरी मी ऐकत नाही. शिकणाऱ्या मुलाला केबलचा संशय येत नाही, तो बिचारा स्वतःच्या कॉन्फिगरेशनमध्ये चूक शोधत बसतो.

शेवटी सगळे स्विच बंद ठेवून पूर्ण रिंग जोडते. चालू स्टॅक एकमेकांना जोडले तर मास्टरच्या, म्हणजे स्टॅक चालवणाऱ्या स्विचच्या, निवडीत हरलेली बाजू रीबूट होते. सुरू झाल्यावर ‘शो स्विच स्टॅक-रिंग स्पीड’ देते. तिथे ‘फुल’ आलं की केबलींना लांबीची लेबलं लावून खोकी बांधायला घेते.