मैफलीच्या ध्वनिमुद्रणाची नांवपट्टी

आमच्या जालना जिल्ह्यांत अंबड येथें दत्तजयंतीनिमित्त गायनाच्या मैफली होतात, हें वाचकांस विदित आहेच. हल्लीं श्रोत्याच्या खिशांतील फोनही असें गाणें टिपून घेतो. परंतु ‘रेकॉर्डिंग १७’ एवढ्याच नांवानें तें पडून राहिलें, तर दहा वर्षांनीं तबल्यावर कोण होतें हें सांगणार कोण?

अडचण जुनीच आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान गाणें संपतांच आपलें नांव इंग्रजींत उच्चारी, तें हॅनोवरच्या कारखान्यांत तबकडी ओळखतां यावी म्हणून! १९९६ पासून तेंच काम एमपीथ्री फाइलीच्या शेपटास जोडलेले १२८ बाइट करूं लागले. त्यांस टॅग म्हणतात. गायकाच्या नांवास त्यांत जागा अवघी ३० बाइटांची. देवनागरीचें एकेक चिन्ह युटीएफ-८ पद्धतीनें ३ बाइट घेतें; म्हणजे ‘भीमसेन जोशी’ यास ३१ लागतात आणि शेवटची वेलांटी तुटते. १९९८ सालीं फाइलीच्या मुखाशीं ऐसपैस टॅग आला व ही कुचंबणा टळली.

मग लिहावें काय? एकच गायक यमन अनेकदां गातो. म्हणून राग, ताल व चीज यांइतकेंच महत्त्व आम्ही स्थळास व तारखेस देतों. दत्तजयंती दर वर्षीं निराळ्या तारखेस येते. यास्तव २०२४-१२-१४ अशी वर्षापासून आरंभून तारीख घालावी, म्हणजे फाइली आपोआप कालक्रमानें लागतात. साथीदारांचीं नांवें शेऱ्याच्या रकान्यांत त्याच रात्रीं विचारून लिहावीं. तंबोऱ्यावरील विद्यार्थ्याचें नांव सर्वांत आधीं विस्मरणांत जातें.